रात्रीचा भार

अलकापुरीच्या मागच्या अंगाला
सात मजल्यांची काच, तोंड पश्चिमेकडे.
आर्किटेक्टने बडोद्याचा मे पाहिला नसावा,
किंवा नुसता नकाशावर पाहिला असावा.

मी मोजायला आले आहे.
बारा महिन्यांची बिलं, चटईक्षेत्र, चिलरचं वय,
जिन्यातल्या ट्यूबलाइट, अठरा,
भर दुपारी त्यातल्या अकरा चालू.
चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिटं
हा एकच आकडा शेवटी उरतो
आणि त्यावरून तारे, एक ते पाच.
"पास होईल ना, बेन?" मालक विचारतात,
मुलाच्या दहावीचं विचारावं तसं.

हिशेब जुळतो, रात्र तेवढी जुळत नाही.
दोन ते चार, सगळं सामसूम,
आणि मीटर तासाला पाच युनिटं खातो.
लिफ्ट नाही. पंप नाही.
कोण जागतंय?

रायसिंग चौकीदार चाव्यांचा जुडगा चाचपतो.
चौथा मजला. कुलूप गंजलेलं, आत हिवाळा.
खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही,
कॅलेंडर दोन वर्षांमागच्या श्रावणात,
भिंतीवर चार एसी, चारही अठरावर.
"शेठ कॅनडाला गेले," रायसिंग म्हणतो,
"रिमोट खिशातच राहिला."
"आणि मेन स्विच?"
"जाताना म्हणाले, कशाला हात लावू नको."

मी लिहिलं: त्वरित बंद करावेत. खर्च शून्य.
बचत, वर्षाला जवळजवळ चव्वेचाळीस हजार युनिटं.
इतकी सोपी शिफारस कारकिर्दीत एखाददाच मिळते.
खटका मीच पाडला.

खाली, मागच्या बोळात
इस्त्रीवाले हरगोविंदकाका वर बघत होते.
पाइपाखाली त्यांची बादली.
दोन वर्षं हेच पाणी कपड्यांवर शिंपडत होते.
बोअरचं खारं, म्हणाले, डाग पाडतं,
हे चोख. वरून येतं.
एक थेंब पडला.
मग बऱ्याच वेळाने आणखी एक.
मी फॉर्म चाळला. गळतीचा रकाना आहे त्यात,
पण तो हवेच्या गळतीचा.

दिवाळीआधी लॉबीत पाटी लागली,
तीन तारे, वर झेंडूचा हार.
मालकांनी पेढे दिले, मी दोन घेतले.

माझे कुर्ते मी अजून काकांकडेच टाकते.
पांढऱ्याच्या कॉलरवर एक फिकट ठिपका येतो.
धुतला की जातो.
इस्त्री केली की परत येतो.