इतवारी ते नागभीड

मे महिना. दुपारी रूळ फुगतात गच्चीवर,
म्हणून गाडी रात्री दहानंतर.

सतरावं इंजिन हे. जबलपूरहून आलं,
खोक्यातल्या भुशासकट.
स्पिरिटची वात, चार चमचे पाणी,
आणि कुलरच्या टाकीला वळसा घालून
इतवारी ते नागभीड:
अकरा फूट.

बाबा खुर्ची ओढून बसतात.
मोतीबाग शेड, एकोणीस वर्षं फावडं.
बघत नाहीत, ऐकतात.
मी काचनळीवर टॉर्च मारायच्या आत
म्हणतात, "पाणी सरत आलं बे."

मग गुडघ्यावर हात देऊन वाकतात,
चष्मा कपाळावर,
कॅबमध्ये डोकावतात.
"कोणीच नाही काय?"

उद्या एक माणूस बसवतो, म्हटलं.

"दोन बसव.
ड्रायव्हर एकटा काय करते?"