उतारासाठी वर्तमानपत्र

चोवीस वळणं आमच्या बाजूला,
सव्वीस पलीकडे, त्रेंताच्या खोऱ्यात उतरणारी.
वळणावळणाला पाटी, पाटीवर आकडा.
मला पाटी कधी लागली नाही.
एकतीस वर्षं टपाल वाटलं मी या घाटात,
आधी सायकलवर, मग पिवळ्या मोपेडवर,
आणि गुडघा बोलायला लागला तेव्हा
साहेबांनी कुरकुरत दिलेल्या चारचाकीत.

ज्या चढासाठी मला पगार मिळायचा
त्याच चढासाठी ही माणसं आता पैसे मोजतात.
कुठून कुठून येतात, पायांचे केससुद्धा तासून,
पोपटी, नारिंगी, अंगाला चिकटलेल्या कपड्यांत,
तोंडाचा आ वासून.
पावसाने भिजलेल्या दगडांवर,
वळणाच्या आतल्या अंगाला, चाक सटकतं
आणि बारा भाषांतून एकच शिवी ऐकू येते.
हसू नये. मी हसते.

हे दगड कैद्यांनी बसवले, पहिल्या महायुद्धात,
रशियाकडून धरून आणलेल्या पोरांनी.
हिमकडा कोसळला तेव्हा किती गेले
ते कुणी धड मोजलंही नाही.
आठव्या वळणाशी त्यांचं लाकडी देऊळ आहे.
सायकलवाले तिथे थांबतात, फोटो काढतात;
खरं म्हणजे दम खातात.
त्या पोरांना दम खाऊ दिला असेल का कुणी,
हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात
खिंडीत एक मुलगा उभा होता, ओठ निळे, दात वाजत.
वर येताना अंगाचं पाणी पाणी झालेलं,
आणि खिंडीतलं वारं काही घामाला विचारून वाहत नाही.
माझ्या हातात कालचा पेपर होता.
बाबा पोलादाच्या कारखान्यात जायचे सायकलने,
छातीशी पेपर घालून.
तसाच कोंबला त्याच्या सदऱ्याखाली.
म्हटलं, खाली नळापाशी ग्वीदो नावाचा म्हातारा भेटेल,
त्याला दे. बकऱ्यांशिवाय कुणी नाही बोलायला.

आता रोज गठ्ठा घेऊन येते, भाच्याच्या जीपमधून.
ग्वीदो म्हणे पेपर दोरीवर वाळत घालतो,
चिमटे लावून, बनियनच्या शेजारी.
घामाने निवडणुकीची बातमी धुऊन जाते,
हवामान तेवढं वाचता येतं.
शब्दकोडं सोडवतो,
पान फाडून वर चढणाऱ्या कुणाच्या तरी खिशात घालतो.
मी तपासते. उभा नऊ चुकलेला.
नव्या पेपरच्या कडेला लिहिते:
नदी नाही, काठ.
दोन दिवसांनी डेन्मार्कचा एक दाढीवाला उत्तर आणतो:
आमच्याकडे पुरात दोन्ही एकच.

एकतीस वर्षांत चारदा भेटलो असू आम्ही.
माझी हद्द खिंडीत संपायची,
त्याची पत्रं पलीकडचं टपालघर वाटायचं.
चारातल्या एका वेळी तर
तो माझ्याकडे पाठ करून बकरी शोधत होता.

ऑक्टोबर सरत आला. लार्चची झाडं पिवळी धमक झालीत,
सुया रस्त्यावर सांडतात, चाकाला चिकटतात.
आज दुपारपर्यंत एकच बाई आली,
माझ्याच वयाची, मागे दोन फुगलेल्या पिशव्या.
उतरली, सायकल पाटीला टेकवली,
आणि काही न बोलता अर्धं सफरचंद मला दिलं.
मी तिला रविवारची जाड पुरवणी दिली.
कोडं कोरं ठेवलंय. कडेला काही लिहिलं नाही.
उद्या अडसर टाकणार आहेत, मग एप्रिलपर्यंत
इकडचं इकडे, तिकडचं तिकडे.

पंचविसाव्या वळणापर्यंत
तिच्या छातीवरचा कागद वाजत होता.
मग ब्रेकची किरकिर. मग तीही नाही.
भाचा म्हणाला, मावशी, बस आता, गारठा वाढलाय.
तीन पेपर उरले होते.
एक मी स्वेटरखाली घातला.