मागचा डावा

झुत्फेनला पोचलो तर हार्मेन
छत्री गाडीत विसरलेला, नेहमीसारखीच.

चर्चच्या कुशीत ती खोली.
तिरप्या मेजांवर पुस्तकं, प्रत्येकाला साखळी,
दावणीच्या गुरांसारखी शांत.
"चोरतील म्हणून," राखणदार बाई म्हणाल्या,
"आता लॅटिन येतंय कुणाला!"

मग फरशीतले पंजे दाखवले:
कुणा साधूनं उपासाला कोंबडी खाल्ली,
सैतान आला कुत्रा होऊन.
आम्ही हसलो.

वीत्स्के नाही हसली.
गुडघा कडकन वाजवत खाली बसली,
खळग्यांत बोटं ठेवून म्हणाली,
"हा मागचा डावा. टेकवत नव्हता नीट."

बाई हात लावू नका म्हणाल्या नाहीत.

आयसेलच्या काठानं परतताना वारा फार.
कुणीच बोलत नव्हतं.
तिच्या कोटाच्या खिशात
रिकाम्या पट्ट्याची कडी
किणकिणत राहिली, गाडीपर्यंत.