पोच

सकाळी सहा ते सव्वासात.
अकराशे संकलन केंद्रं, काट्यावर कॅन,
लिटर, फॅट, एसएनएफ, सभासद क्रमांक,
एवढंसं, पोस्टकार्डाच्या पाव भागात मावेल.
आणि राजारामपुरीत, औषधाच्या दुकानावर,
आमचा सर्व्हर, एकेक नोंद पुढे संघाला देणारा,
झोपल्यासारखा.

झोपला नव्हता. तेच तर दुखणं.
सीपीयू चार टक्के. लाइन जवळजवळ रिकामी.
रांग मात्र वाढत चाललेली.
सेकंदाला पंचवीस नोंदी. सव्विसावी नाही.
काल पंचवीस, परवाही पंचवीस.
तौफिक म्हणाला, लाइन मोठी घेऊ.
साहेब म्हणाले, मशीन मोठं घेऊ.
मी म्हटलं, रस्ता मोकळा आहे हो,
गाडीच सुटत नाहीये.

तिकडून जिनगोंडा पाटलाचा फोन :
"ताई, बायका खोळंबल्यात, पावती निघंना.
दूध नासलं तर तुमच्या कॉम्प्युटरला पाजू?"

तीन रात्री तारेवरची सगळी ये-जा टिपून ठेवली,
एकेक पुडकं, वेळेसकट.
तिसऱ्या रात्री पावणेतीनला जे सापडलं
त्यात कुणाचीच चूक नव्हती.

आमची बाजू आधी मथळा पाठवते,
मग मजकूर हातात धरून उभी राहते :
आधीच्याची पोच येऊ दे,
अर्धी गाडी कशाला सोडायची?
कागलचा वडापवाला जसा
दहावा माणूस चढल्याशिवाय गिअर टाकत नाही.

समोरची बाजू मथळा घेते,
आणि पोच हातात धरून उभी राहते :
नुसती पोच कशी पाठवायची?
पुढचं येऊ दे, उत्तरासोबतच धाडू.
शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही
अशा घरात वाढलेली.

चाळीस मिलिसेकंद दोघी एकमेकींकडे बघत.
मग समोरचीला राहवत नाही.
मग पुढची नोंद, आणि पुन्हा तेच.
हजार भागिले चाळीस.
वहीच्या मागच्या पानावर दोनदा केला भागाकार,
कॅल्क्युलेटर शेजारी असताना.

इतकी रीतभात, आणि पोच कुणालाच नाही.
दोन्ही नियम शहाणे, काटकसरी,
वेगवेगळ्या खोल्यांत लिहिलेले.
एकत्र नांदवून पाहिले नव्हते कुणी.

समोरची बाजू इंद्रजितनं लिहिलेली.
इथंच, खिडकीजवळच्या खुर्चीत, संघात जायच्या आधी.
गेला त्याला दोन वर्षं झाली.
त्याचं काही आलं की सविस्तर लिहू, असं माझं होतं.
त्याचं काय होतं, मला माहीत नाही.

एक ओळ बदलली. थांबू नकोस, एवढाच अर्थ तिचा.
सहाला रांग चढली आणि चढता चढताच विरली.
सहा वाजून चाळीसला जिनगोंडा :
"ताई, पावती लगेच येतीया. काय केलासा?"
"काही नाही. एकाला सांगितलं, भरायची वाट बघू नको."
"एवढंच? मग महिनाभर काय करत हुता?"

खरं आहे.

इंद्रजितला मेल लिहायला घेतला.
विषय सुचेना. रिकामाच ठेवला.
"तुझ्या बाजूचं काही चुकलेलं नव्हतं."
पुढं अजून बरंच होतं.
तेवढंच पाठवलं,
आणि खाली उतरले. शटर अजून बंद होतं,
पायरीवर कुणीतरी दुधाची पिशवी ठेवून गेलं होतं.