चपलेचा बेडूक

डबा उघडला की आधी वास येतो
रबराचा, जरा गंजाचा, जरा कालच्या पाण्याचा.
अठ्ठावीस वर्षं जिंतूर डेपोत गाड्यांखाली आडवं होऊन
हात काळे केले. आता त्याच हातांनी
खोटे मासे करतो.

हा चमचा घरचाच. दांडा कापला, पाठ घासली,
दोन भोकं, एक कडी, तीन काट्यांचा गळ.
मालन अजून सहावा चमचा शोधते.
पाणी नितळ, उन्हं वर आलेली, तेव्हा हाच बरा:
ओढला की पोट दाखवतो, सोडला की पाठ,
लांबून चिलापीचं जखमी पोर.

पाणी गढूळ असलं तर रंगाचं काही चालत नाही.
तेव्हा हा, कडुनिंबाच्या फांदीचा,
पोटात बेअरिंगच्या तीन गोळ्या.
हलवून बघा.
माशाचे कान कुणी पाहिलेत?
तो अंगभर ऐकतो.

आणि ही पेटी धाकट्यानं पुण्याहून पाठवलेली.
जपानी अक्षरं, काचेचे डोळे,
खवले असे की मांजर दोनदा फसलं.
सहाशेला एक. भिंतीवर टांगलेत.
येलदरीच्या मरळीनं असला मासा जन्मात पाहिला नाही,
भूक लागेल तिला, ओळख कुठून लागणार?

बेडूक मात्र चपलेचा.
जुन्या स्लीपरचा तळ, मालनच्या साडीच्या फॉलचे पाय,
दोन गळ पाठीला चिकटून वर तोंड केलेले,
म्हणजे बेशरमीच्या काड्यांत, जलपर्णीत
अडकत नाही.
सात केले तेव्हा एक पोहला.
बाकीचे बुडाले, कलंडले,
एक तर उताणा पडून देवाला हात जोडत होता.

फेकणं सोपं. थांबणं अवघड.
पानावर टाकायचा, पाण्यात नाही.
मग एक झटका. मग विडी शिलगावण्याइतकं काहीच नाही.
मग दोन.
बेडूक आधी विचार करतो, मग उडी मारतो,
मग पस्तावतो.
पाणी फट्‌दिशी फुटलं तरी ओढायचं नाही.
मनात म्हणायचं: जिंतूर, बोरी, झरी,
आणि परभणी आली की हिसका.

थर्माकोलच्या तराफ्यावरून मुंजाजी भोई ओरडतो,
"मेकॅनिक, चपलेला कामून पोहायला शिकवायलास?
गांडूळ लाव की गळाला, अन् जा घरी जेवायला."
गांडूळ देवानं केलंय, मी म्हणतो,
त्यात माझं काय?

पोळा होऊन पाच दिवस.
बुडालेल्या बाभळीच्या खोडापाशी
ताटाएवढं पाणी लालसर उकळत होतं,
मसुरीची डाळ उतू जावी तसं.
मरळीची पिल्लं. शेकड्यांनी
वर येत होती, हवा घेऊन खाली जात होती.
आणि त्यांच्याखाली कुठंतरी ती,
किती दिवसांची उपाशी कोण जाणे.

इथं निवड लागत नाही.
चमचा टाका, जपानी टाका, पायातली दुसरी चप्पल टाका,
ती घेणारच.
भुकेनं नाही. मधे काहीतरी आलं,
एवढंच तिला कळतं.

एकदा काळी पाठ दिसली. दोन किलो तरी असेल.
बोट दोरीवर होतं.
जिंतूर.
बोरी.
झरी.
मी रीळ गुंडाळलं.

मुंजाजीनं लांबून पाहिलं.
जाळं तसंच मांडीवर ठेवून
त्यानं तराफा दुसऱ्या अंगाला वळवला.
चपलेवरून काही बोलला नाही.

घरी मालननं पिशवी उलटी केली.
बेडूक पडला, कोरडा ठक्क.
"आज पोहला नाही का हा?"
मी चष्मा पुसला,
सुईत दोरा ओवायला तिलाच दिला,
आणि त्याचा उजवा पाय
जरा सैल झाला होता, तो धरून बसलो.