अडीच वाजताची न्याहारी

मोबील, अलाबामा. हायवेच्या उतारावर
पिवळ्या पाटीतली दोन अक्षरं विझलेली आहेत,
ट्रकवाले तरीही बरोबर वळतात.
दार ढकललं की घंटी किणकिणते
आणि व्हर्लीन मान वर न करता म्हणते,
"बस कुठेही, राजा."
ती सगळ्यांनाच राजा म्हणते.
पोलिसाला, दारुड्याला,
मागच्या गुरुवारी काउंटरवर डोकं टेकून
रडत बसलेल्या त्या पोरालासुद्धा.

इथली कॉफी वाईट आहे, हे आधीच सांगून टाकतो.
जळकी आणि तरी पातळ,
हे कसं जमतं देव जाणे.
पण कप अर्धा झाला की भांडं घेऊन हजर.

मी बंदरावर क्रेन चालवतो.
पाळी दोनला सुटते.
बायको, ओडेसा, चारला उठून शाळेची बस काढते,
आणि आमच्या घराचा जिना फार बोलका.
तिचे दोन तास मोडू नयेत म्हणून
मी ते इथे येऊन खर्च करतो,
चिकटपट्टी लावलेल्या लाल बाकावर.

टव्हारेस ऑर्डर लिहून घेत नाही.
व्हर्लीन ओरडते, तो प्लेटीच्या कडेला
जॅमचं पाकीट उलटं ठेवतो,
किंवा काकडीची चकती, किंवा मोहरीचा ठिपका.
तीच त्याची लिपी. एकदा विचारलं,
पाकीट उताणं म्हणजे काय रे?
म्हणाला, "म्हणजे तू मध्ये बोलू नकोस."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात.
इथे उजाडायची कुणी वाटच बघत नाही.
एका हातानं अंडी फोडत
टव्हारेस तांबडं फुटायच्या आत
दोनशे सकाळी वाढून मोकळा.

डॉक्टर म्हणतो, या वेळी पाक खाणं म्हणजे
साखरेला घरी राहायला बोलावणं.
बरोबर आहे त्याचं.
शर्टाला तळणाचा वास येतो तो सोमवारपर्यंत राहतो.
आणि बार बंद झाले की तीनच्या सुमारास
जी गर्दी आत घुसते,
तिच्यात एक तरी असा असतोच
ज्याला वॅफल नको, भांडण हवं.
टव्हारेसच्या भुवईवर सहा टाके आहेत.
साखरदाणीचे.
त्या रात्री त्यानं टॉवेल दाबून धरला
आणि आधी माझं ऑम्लेट उलटलं.
मी ते खाल्लं. अजून लाज वाटते.

व्हर्लीनला तासाचे दोन डॉलर आणि काही सेंट,
बाकी सगळं टेबलावर राहील ते.
कधी पाचाची नोट. कधी चिल्लर.
एकदा खरवडलेलं लॉटरीचं तिकीट,
खाली लिहिलेलं, "प्रयत्न केला."

आणि ते वादळ आलं तेव्हा
अख्ख्या रस्त्यावर एवढंच उघडं होतं.
वीज नाही, गॅसवर जेवढं होईल तेवढं,
टव्हारेसच्या दातांत टॉर्च.
पेपरात फोटो आला, लोकांनी डोळे पुसले,
मीही कात्रण काढून फ्रिजवर लावलं.
व्हर्लीनचं छप्पर उडाल्याचं
शेजारणीनं तिला फोनवर सांगितलं, तेव्हा
तिच्या दंडावर तीन प्लेटी होत्या.
तिन्ही तिनं जागेवर नेऊन ठेवल्या.
तो फोटो पेपरात नाही.

म्हणून कुणी विचारलं, चांगली आहे का जागा,
तर मी आधी विचारतो, किती वाजता?

पावणेचारला उठतो.
एक वॅफल डब्यात बांधून घेतो.
पूल ओलांडेपर्यंत ते मऊ पडतं,
वाफेनं झाकणाला घाम येतो.
ओडेसा ओट्याशी उभी राहून,
एका पायात बूट, दुसरा हातात,
ते चिवट, गार होत आलेलं खाते.
दर वेळी म्हणते, "अगदीच चामडं झालंय."
दर वेळी डबा चाटूनपुसून ठेवते.
तिची न्याहारी, माझं रात्रीचं जेवण,
मध्ये सात मिनिटं.

मग ती बसची किल्ली शोधते.
मी दिवा मालवतो.