कुंडी क्रमांक सतरा

नऊ वर्षं मी नुसत्या मातीला पाणी घातलं.
कधी एक पान यायचं, एकच, झाडाएवढं,
छत्रीसारखं उघडायचं, वर्षभर उभं राहायचं,
मग पिवळं पडून लोळायचं.
पुन्हा काळी माती आणि पाटी:
हलवू नये, आत कंद आहे.
पाटी मीच रंगवलेली.
द्वारका म्हणायची, आज काय म्हणते तुमची रिकामी कुंडी?

वैशाखात कोंब आला तेव्हा
परकार मॅडम म्हणाल्या, पान असेल.
मी म्हटलं, नाही.
पानाचा कोंब सडपातळ निघतो,
हा पोटुशीसारखा चालतोय, एका अंगाला जड.
रोज चार बोटं, मग वीत,
शेवटी टेप धरायला शिडी लागली.
दापोलीत बातमी फिरली. वडाप भरभरून माणसं,
दाभोळची, खेडची, अंजर्ल्याची एक लग्नाची वऱ्हाडी गाडीसुद्धा.

उघडलं शनिवारी दिवेलागणीला.
आतून रंग कापलेल्या कुप्याचा, काळपट लाल.
आणि मग वास.
फाटकापर्यंतची रांग नाकाला रुमाल लावून
अर्धी झाली.
एक पोरगं ओकलं.
त्याच्या बापाने विचारलं, तिकिटाचे पैसे परत मिळतात का?

जानकी हिलम, रानातून शेवळं आणून विकणारी,
पाटी खाली ठेवून बघत राहिली.
अगो, हे तर शेवळंच!
शिजवायचं म्हटलं तर काकडं किती लागतील, पोतंभर?
मॅडम हसल्या. बरोबर आहे, म्हणाल्या, एकाच कुळातलं.
जानकी म्हणाली, कूळ कळायला बुकं कशाला,
दांडा बघा की.

रात्री अकराला बाग बंद झाली.
आत मी, माशा, आणि कुठून कुठून आलेले भुंगेरे.
जेवणाच्या बोलावण्यावर आल्यासारखे शिरत होते,
उपाशी फिरत होते.
मेलेलं तिथे काहीच नव्हतं.

मग द्वारका आली, डबा घेऊन.
तीन वर्षांपूर्वीच्या तापात तिचा वास गेला.
हर्णैच्या लिलावात आता ती
कल्ले उघडून डोळ्यांनीच मासळी पारखते,
आणि घरी आमटी करपली तर शेजारीण ओरडून सांगते.
दिवसभरात एकटी तीच सरळ चालत गेली,
दोरी ओलांडून, त्या उंच दांड्याला हात लावला.
हात लावू नये, ही पाटीही माझीच.

म्हणाली, अहो, ताप आहे याला.

होता. मॅडमच्या वहीत नोंद आहे,
छत्तीसच्या वर काहीतरी.
तिने हात तसाच ठेवला,
पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
मग विचारलं, वास कसला येतो?

म्हटलं, खळ्यावर भिजलेली सुकट.
नुसती सुकट? मग माणसं पळाली कशाला?
म्हटलं, त्यात कोबी. उकडून विसरलेला.
अजून?
म्हटलं, त्या नवरात्रात कौलांखाली उंदीर मेला होता बघ,
तुझ्या माहेरची माणसं यायची होती,
आणि तू उदबत्तीचा अख्खा पुडा
एकदम

थांबा, म्हणाली. आला.
काय आला?
उंदराचा नाही. उदबत्तीचा.

डोळे मिटलेले होते तिचे.
मी पुढे काही बोललो नाही.
डब्यातली भाकरी तशीच राहिली.

रविवारी दुपारनंतर ते एका कुशीवर कलंडलं.
मॅडमनी पराग लिफाफ्यात भरून फ्रीजमध्ये ठेवला.
दुसरं फूल कुठे उघडेल, कधी, कोणाला ठाऊक.
झाडताना फाटकापाशी सात रुमाल सापडले,
एक चांगला होता, धुऊन ठेवला.

कुंडी सतरा पुन्हा काळी.
मी झारी भरतो.

आणि द्वारका हल्ली जेवणं झाली की विचारते,
आज कसला वास होता बागेत?
काल मी म्हटलं, काही विशेष नाही,
तर रुसली.
म्हणून आता दिवसभर
नाक उघडं ठेवून फिरावं लागतं.